पठारावरून मिथुनेच्या उल्का

१२ डिसेंबर २०२३, मंगळवार

उल्का बघायला जायचं ठरलं की आधी पंचांग, बाकीचं मागाहून. मिथुन राशीतला उल्कावर्षाव दरवर्षी साधारण ४ ते २० डिसेंबर या काळात चालू असतो आणि १३-१४ तारखेला भरात येतो. ही तारीख फारशी हलत नाही, कारण पृथ्वी आपल्या कक्षेतल्या त्या ठिकाणी दरवर्षी त्याच सुमारास पोचते. चंद्राचं तसं नाही. एखाद्या वर्षी ऐन मोक्याच्या रात्री तो पूर्ण तेजात डोक्यावर असतो आणि निम्म्याहून जास्त उल्का त्याच्या उजेडात बुडतात. यंदा अमावास्या आजचीच, म्हणजे वर्षावाच्या सगळ्या महत्त्वाच्या रात्री काळ्याकुट्ट. असा योग आला की रजा टाकायची, घरात चर्चा करत बसायचं नाही.

निघालो तिघं. मी, भाऊजी आणि भाची. ताईला थंडी सोसत नाही, त्यामुळे तिनं गोधड्या बांधून दिल्या आणि आम्हाला वाटेला लावलं. भाची चौदा वर्षांची, प्रश्न विचारण्यात पटाईत. भाऊजींकडे चांगला कॅमेरा, तिवई आणि दर पाच मिनिटांनी फोन बघायची सवय. या सवयीचं काय करायचं ते मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

पठाराची जागा मी नकाशावर शोधली ती शहरांच्या उजेडाच्या हिशेबानं. मोठ्या शहराच्या माथ्यावर रात्री फिकट उजेडाचा घुमट उभा असतो आणि तो कित्येक किलोमीटरवरून दिसतो. अगदी उजेड नसलेली जागा मिळणं कठीणच, तेव्हा तो कुठल्या दिशेला असावा एवढं आपण निवडायचं. आम्हाला तो पश्चिमेला हवा होता. मिथुन रास अंधार पडल्यावर ईशान्येकडून वर येते, मध्यरात्रीनंतर माथ्यावर पोचते, म्हणजे रात्रीचा बहुतेक वेळ आमचं तोंड पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे असणार. उजेड पाठीशी राहिला की बरंचसं काम झालं.

पोचलो तेव्हा ऊन कलायला अजून वेळ होता आणि ते मुद्दाम ठरवलेलं होतं. काळोखात जागा निवडू नये. पूर्व आणि दक्षिण क्षितिज मोकळं आहे का, झाडं कुठवर आडवी येतात, रस्त्याचं वळण कुठे आहे (गाडी वळली की तिचे दिवे थेट डोळ्यात), जमीन निजण्याइतकी सपाट आहे का, पायाखाली बिळं-काटे काय आहेत, हे सगळं उजेडी बघून घ्यावं. पठाराच्या एका अंगाला छोटं तळं होतं. भाचीला तिथेच पथारी टाकायची होती. मी नको म्हटलं. पाण्याजवळ धुकं धरतं, दव लवकर पडतं, आणि चष्म्याच्या व कॅमेऱ्याच्या काचा पहिल्या तासातच ओल्या होतात. तळ्यापासून चांगल्या उंचीवर, खडकाच्या आडोशाला जागा धरली.

पहिली रात्र सरावाची. वर्षाव अजून भरात यायचा होता, त्यामुळे उल्का कमीच दिसणार हे ठाऊक होतं. पण डोळे तयार व्हायला आणि आकाशाची ओळख पटायला ही रात्र फार उपयोगी पडते.

डोळ्यांचं असं आहे की बाहुल्या काही सेकंदांत मोठ्या होतात, पण दृष्टिपटलावरच्या दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य पुन्हा साठायला वीस ते तीस मिनिटं लागतात. या अर्ध्या तासात कोणी फोन उघडला की हिशेब शून्यापासून सुरू. म्हणून मी भाऊजींचा फोन मागून घेतला आणि विमानात करतात तसा बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद दुमडून, दोन पदर करून बसवला. दंडपेशींना लाल उजेड फारसा जाणवत नाही. बाजारात लाल दिव्याच्या विजेऱ्या मिळतात खऱ्या, पण त्यातल्या बऱ्याच इतक्या प्रखर असतात की कागदाचीच सोय बरी.

"मावशी, आता किती तारे दिसतात ते कसं सांगायचं?" भाचीनं विचारलं. कृत्तिकांपासून सुरुवात केली. उजेड असलेल्या जागी कृत्तिका म्हणजे नुसता पुंजका. बऱ्या आकाशात सहा तारे सुटे दिसतात. भाचीला सात दिसले, मला सहा, भाऊजींना चष्मा लावल्यावर पाच. (चष्मा असणाऱ्यांनी तो लावूनच बघावं. अंधारात काय करायचाय चष्मा, असं म्हणणारे लोक मला दरवेळी भेटतात.) अनुभवी निरीक्षक ठरावीक ताऱ्यांच्या त्रिकोणात किती तारे दिसतात ते मोजून आकाशाची प्रत काढतात. (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा मंद. आकाशाची प्रत म्हणजे तिथे दिसणाऱ्या सगळ्यात मंद ताऱ्याची प्रत.) ती का लागते ते पुढे येईल.

मग ओळखपरेड. संध्याकाळी पूर्वेला चढलेला झगझगीत गुरू, त्याच्याखाली कृत्तिका, रोहिणी, आणि थोड्या वेळानं मृग. मृगाच्या डावीकडे, ईशान्येच्या अंगाला पुनर्वसूची जोडी वर आली. त्यातला आधी उगवणारा, किंचित मंद तारा म्हणजे कॅस्टर. सगळ्या मिथुन उल्का ह्या ताऱ्याच्या शेजारच्या एका बिंदूतून फुटल्यासारख्या वाटतात. त्याला उगमबिंदू म्हणतात. प्रत्यक्षात उल्का एकमेकींना समांतरच येत असतात. रेल्वेचे रूळ लांबवर एका ठिकाणी मिळाल्यासारखे दिसतात, तसाच हा दृष्टिभ्रम.

"मग त्या बिंदूकडेच बघायचं ना?" भाऊजी. इथेच बहुतेक लोक फसतात. उगमबिंदूजवळची उल्का जवळपास आपल्या रोखानं येत असते, त्यामुळे तिची रेघ आखूड, कधी तर नुसता ठिपका चमकून विझलेला. बिंदूपासून तीस-चाळीस अंश बाजूला बघावं. तिथे रेघा लांब, ऐसपैस दिसतात. दिसलेल्या उल्केची वाट मनातल्या मनात मागे ताणायची. ती कॅस्टरजवळ पोचली तर मिथुनेची; नाही पोचली तर सुटी, इकडची तिकडची. डिसेंबरात वासुकी तारकासमूहातून येणाऱ्या काही उल्काही असतात, त्या मिथुनेच्या उल्कांपेक्षा बऱ्याच वेगवान. भाचीनं अर्ध्या तासातच सुट्या उल्का वेगळ्या काढायला सुरुवात केली. भाऊजी मात्र प्रत्येकीला "ती बघ, तारा तुटला!" म्हणून ओरडत होते, आणि आम्ही मान वळवेपर्यंत ती गेलेली असे.

१३ डिसेंबर, बुधवार

दिवसभर झोप आणि अधूनमधून गप्पा. रात्रीच्या निरीक्षणाला आदल्या दुपारची झोप लागतेच. पहाटे दोन-तीनचा वेळ सगळ्यात मोलाचा आणि नेमका तेव्हाच पेंगणारे लोक मी पुष्कळ पाहिलेत.

भाचीनं दुपारी विषय काढला, ह्या उल्का येतात कुठून? बहुतेक वर्षावांचं उत्तर धूमकेतू हे आहे. ऑगस्टातल्या ययाती वर्षावामागे स्विफ्ट-टटल हा १८६२ मध्ये सापडलेला धूमकेतू; १८६६ मध्ये इटलीच्या स्कियापारेल्लीनं त्या दोघांच्या कक्षा जुळवून दाखवल्या. नोव्हेंबरातल्या सिंह वर्षावामागे टेम्पल-टटल. हॅलेच्या धूमकेतूचे तर दोन वर्षाव, मे महिन्यात कुंभ आणि ऑक्टोबरात मृग. धूमकेतू सूर्याजवळ आला की त्याचं बर्फ उडतं, धूळ आणि खडे कक्षेत पसरतात, आणि पृथ्वी दरवर्षी त्या पट्ट्यातून जाते.

मिथुनेची गोष्ट जरा अडनिडी आहे. हा वर्षाव १८६२ च्या सुमारास प्रथम लोकांच्या लक्षात आला आणि पुढची सव्वाशे वर्षं त्याचा धूमकेतूच सापडेना. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त किरणांच्या उपग्रहाला एक पिंड सापडला, आणि खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांच्या ध्यानात आलं की त्याची कक्षा थेट मिथुन उल्कांचीच आहे. नाव फेथॉन, क्रमांक ३२००. पण हा तर लघुग्रह! पाच-सहा किलोमीटर व्यासाचा खडक, धूमकेतूसारखं डोकं-शेपूट काही नाही. साधारण दीड वर्षाच्या आत तो सूर्याभोवती एक फेरी मारतो आणि दर फेरीला सूर्यापासून सुमारे २ कोटी १० लाख किलोमीटरवर जातो, बुधाच्याही बराच आत. तिथे त्याचा पृष्ठभाग ७०० अंश सेल्सियसच्या वर तापतो. एवढी धूळ त्यानं कधी आणि कशी सांडली यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद चालू आहे, आणि मला हा वाद मिटू नये असंच मनातून वाटतं.

खडकाची धूळ असल्यामुळे ह्या उल्का जरा दणकट असतात. वेग सेकंदाला ३५ किलोमीटर. ययातीच्या ५९ आणि सिंहाच्या ७१ पुढे हा वेग मध्यमच. म्हणून मिथुनेची उल्का डोळ्याला सापडते, तिच्यामागे नजर नेता येते. नवख्या माणसासाठी ह्यासारखा वर्षाव नाही. उलट सिंह आणि ययातीच्या तेजस्वी उल्कांमागे धुरकट रेघ काही क्षण रेंगाळते, ती मजा इथे क्वचितच.

अंधार पडला आणि मी दोघांना घाईनं पथारीवर बसवलं. उगमबिंदू क्षितिजाला नुकता टेकलेला असतो तेव्हा उल्का संख्येनं फार थोड्या दिसतात, पण ज्या दिसतात त्या वातावरणाला घासून जाणाऱ्या. सव्वासात ते आठ या वेळात ईशान्येकडून निघालेली एक उल्का डोक्यावरून, गुरूच्या जवळून, थेट नैर्ऋत्येकडे गेली. तिला घाईच नव्हती. भाचीनं बोट दाखवलं, भाऊजींनी वळून बघितलं, आणि तरी ती होतीच. भरातल्या रात्रीसुद्धा असा नमुना पुन्हा दिसला नाही, कारण बिंदू वर चढला की ही गंमत संपते. लवकर बाहेर पडण्याचं हे एक कारण मी कोणालाही देईन.

त्यानंतर ढग. पातळ, उंचावरचे, सगळीकडून पसरलेले. भाऊजी गाडी काढून चाळीस किलोमीटर पुढे जाऊ म्हणत होते. मी नाही म्हटलं. ढगांचा पाठलाग करताना रात्र गाडीत जाते आणि दर वेळी दिव्यांच्या उजेडानं डोळे पुन्हा बाद होतात. उपग्रहाच्या चित्रात ढगांची मोठी मागची कड स्पष्ट दिसत असेल तर गोष्ट वेगळी. इथे तसं काही नव्हतं. आम्ही आलटून पालटून झोपलो, एकजण जागा. साडेबारानंतर पूर्वेकडून आकाश उघडत गेलं आणि पहाटेपर्यंतचे काही तास बरे गेले. उल्का आदल्या रात्रीहून उघड जास्त होत्या, पण बहुतेक मंद. ह्या प्रवाहात बारीक कण शिखराच्या आधी जास्त भेटतात आणि मोठे शिखराच्या सुमारास व नंतर, त्यामुळे हे अपेक्षितच होतं.

१४ डिसेंबर, गुरुवार

यंदाचं शिखर जागतिक वेळेनुसार १४ तारखेच्या संध्याकाळी सातच्या सुमारास होतं. आमच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र नुकती उलटलेली असणार. हे जमून येणं नशिबाचं. शिखर अख्ख्या पृथ्वीसाठी एकाच क्षणी येतं. तुमच्याकडे तेव्हा दुपार असेल तर त्याच्या आधीची पहाट किंवा नंतरची संध्याकाळ धरायची. मिथुनेचं शिखर चांगलं रुंद आहे, काही तास इकडेतिकडे झाले तरी फार बिघडत नाही. ३-४ जानेवारीच्या वर्षावाचं मात्र तसं नाही. त्याचं शिखर जेमतेम काही तासांचं, ते हुकलं की हुकलंच.

दुपारी कागद-पेन्सिल घेऊन भाचीला एक हिशेब करून दाखवला, कारण ती कुठेतरी "तासाला १५० उल्का" असं वाचून आली होती. हा १५० चा आकडा खोटा नाही, पण तो आदर्श निरीक्षकाचा आहे: उगमबिंदू बरोबर डोक्यावर, आणि साडेसहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतील इतकं निर्मळ आकाश. बिंदू क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर हा आकडा निम्मा होतो. आकाशाची प्रत एकानं खाली आली की उल्का साधारण अडीच पटीनं घटतात. शहराच्या कडेला, जिथे साडेचार प्रतीचे तारे जेमतेम दिसतात, तिथे बिंदू डोक्यावर असूनही १५० चे वीस-बावीस उरतात. आणि रात्री नऊला, बिंदू खाली असताना, सात-आठ. "म्हणजे लोक गच्चीवर जातात आणि काहीच दिसलं नाही म्हणतात ते ह्यामुळे," भाची म्हणाली. ह्यामुळेच. शिवाय ते दहा मिनिटांत खाली उतरतात.

संध्याकाळी सूर्यामागोमाग नखाएवढी कोर दिसली आणि तासाभरात मावळली. चंद्राचा उपद्रव संपला.

पथारी टाकताना दिशा ठरवली. पाय आग्नेयेकडे, डोक्याखाली उशी, पाठ जमिनीला टेकलेली. उभ्यानं मान मागे टाकून अर्धा तास बघून दाखवावं, मान धरलीच पाहिजे. नजर क्षितिजापासून पन्नास अंशांच्या आसपास. थेट माथ्यावर का नको? उल्का जळतात ८० ते १२० किलोमीटर उंचीवर. माथ्यावर बघताना त्या थराचा लहानसा तुकडाच नजरेत मावतो. नजर तिरकी केली की तोच थर जास्त पसरलेला दिसतो, म्हणजे जास्त उल्का. पण फार खाली आलात तर अंतर वाढतं, तीस अंशांवरची उल्का १८० किलोमीटरवर असते, आणि क्षितिजाजवळची धूळ-हवा तिचं तेज खाते. त्यामुळे मधली पट्टी बरी.

दहा वाजता पन्नास अंशांवर आग्नेयेला होता मृग, आणि कॅस्टरपासून तो बरोबर हव्या तेवढ्या अंतरावर. तेव्हा मृगाच्या तीन ताऱ्यांवर नजर ठेवायची, पण रोखून नाही. नजर सैल सोडायची. डोळ्याच्या कडेचा भाग मंद उजेड आणि हालचाल टिपण्यात मधल्या भागापेक्षा तरबेज असतो. दुर्बिणीचं इथे कामच नाही. तिच्यातून आकाशाचा चिमूटभर तुकडा दिसतो आणि उल्का नेमकी बाहेरून जाते. भाऊजींनी कॅमेऱ्याला रुंद भिंग लावलं, वीस-वीस सेकंदांची उघडझाप एकामागून एक चालू ठेवली, आणि तोही मृगाकडेच लावला, उगमबिंदूकडे नाही. भिंगाभोवती गरम पट्टी गुंडाळली होती, दव धरू नये म्हणून.

मोजणीसाठी एक साधन सगळ्यात उत्तम: आवाज मुद्रित करणारं छोटं यंत्र. लिहायला खाली बघितलं की उल्का निसटते. भाचीच्या छातीवर ते यंत्र, उजेड दिसू नये म्हणून काळ्या कापडात. दिसली की ती म्हणे, "मिथुन, दोन." म्हणजे मिथुनेची, दुसऱ्या प्रतीची, ध्रुवाएवढी. पुनर्वसूएवढी असेल तर "एक," राजन्याएवढी असेल तर "शून्य," व्याधाएवढी किंवा जास्त असेल तर "उणे." सुरुवातीला ती "मिथुन... अं... दोन? नाही, तीन" असं चाचपडत होती, अकराच्या पुढे तिचे आवाज तोफेसारखे सुटायला लागले, मधे कसलाही विचार नाही.

एक नियम मी दोघांवर घातला होता. प्रत्येकानं फक्त स्वतःला दिसलेली मोजायची. दुसऱ्याचं "ती बघ!" ऐकून धरलेली नाही. तिघांची बेरीज करून तासाला दोनशे सांगणारे गट असतात. त्या आकड्याचा कोणाला काही उपयोग नाही.

बारा ते एक फारसं बोलणं झालं नाही. उल्का एकसारख्या अंतरानं येत नाहीत, हे नव्या माणसाला पटवणं अवघड. चार-पाच मिनिटं अगदी कोरी जातात, भाऊजी "आटोपलं वाटतं" म्हणतात, आणि मग श्वास घ्यायच्या आत तीन. योगायोगानं घडणाऱ्या गोष्टी अशाच गुच्छानं येतात. म्हणून कमीत कमी तासभर सलग बघावं, आणि विश्रांती घेतली तर तिची वेळही नोंदवावी.

एकच्या सुमाराला मृग पश्चिमेकडे झुकायला लागला. म्हणजे आता तो शहराच्या घुमटाकडे चालला होता. पथाऱ्या फिरवल्या, पाय पूर्वेकडे. पूर्वेला सिंह वर आला होता, आणि दोन वाजता मघा तारा बरोबर पन्नास अंशांवर, मिथुनेपासून चाळीसेक अंश लांब. संध्याकाळी मृग, मध्यरात्रीनंतर मघा: ज्यांना एकाच ओळीत उत्तर हवं असतं त्यांना मी हेच सांगते. दोन वाजता उगमबिंदू जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा खरं तर कुठल्याही दिशेला बघितलं तरी चालतं. सगळ्यात काळा कोपरा निवडायचा. दक्षिण गोलार्धातल्या लोकांना मात्र मिथुन उत्तरेला, खालच्या अंगाला दिसते, आणि तीही उशिरा, त्यामुळे त्यांच्या वाट्याला कमी उल्का येतात.

एक ते दोन या तासात भाचीची मोजणी ऐंशीच्या आसपास गेली. त्यातली एक सांगण्यासारखी. मघेच्या डावीकडून, सप्तर्षींच्या बाजूनं ती निघाली, आधी साधी, पिवळसर, पहिल्या प्रतीची. मग वाटेत फुगत गेली, रंग हिरवटाकडे झुकला, आणि शेवटाला दोन झटके देऊन विझली. दुसऱ्या झटक्याला माझ्या हातातली वही मला दिसली, वहीवरच्या ओळींसकट. शुक्राहून तेजस्वी असेल तर अग्निगोल म्हणतात. ही नक्कीच होती. पोर काही वेळ बोललीच नाही. यंत्रात नंतर ऐकलं तर "मिथुन," मग बराच वेळ नुसता श्वास, आणि मग "उणे पाच?" आवाज आला का, असं भाऊजींनी विचारलं. शंभर किलोमीटरवर जळणाऱ्या वाटाण्याएवढ्या खड्याचा आवाज कुठला यायला. भाऊजींचा कॅमेरा तेव्हा अजूनही मृगाकडेच होता. त्याबद्दल ते पहाटेपर्यंत बोलत होते.

साडेतीनला पूर्वेला शुक्र वर आला. आम्ही पहाट होईपर्यंत होतो, पण खरं सांगायचं तर तीननंतरच्या नोंदी डुलक्यांनी भरलेल्या आहेत.

१५ डिसेंबर, शुक्रवार

शिखर सरलं की मिथुन झपाट्यानं उतरते. चढण अनेक रात्रींची, उतरण एखाद-दोन रात्रींची. लोक वर्तमानपत्रात "काल रात्री" वाचून दुसऱ्या दिवशी बाहेर पडतात आणि हिरमुसतात.

आम्ही तरीही दहा ते एक बसलो. संख्या पडलेली होती, पण दिसलेल्यांत ठळक उल्का लक्षात येण्याजोग्या जास्त. भाऊजींना कॅमेऱ्यात अखेर मृगाच्या पायथ्याशी एक लांब रेघ मिळाली, आणि घरातली शांतता वाचली. सुट्या उल्काही मध्यरात्रीनंतर वाढताना दिसल्या. हे बाराही महिने खरं आहे. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगानं सूर्याभोवती धावते. मध्यरात्र उलटली की आपण पृथ्वीच्या पुढच्या अंगाला येतो आणि वाटेतले कण समोरून येऊन धडकतात. संध्याकाळी आपण मागच्या अंगाला असतो, मागून गाठणारे कणच काय ते पोचतात. म्हणून बहुतेक वर्षाव पहाटेचे. मिथुन दहा वाजल्यापासून चांगली दिसते हा तिचा मोठा उपकार, लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांवर तर विशेष.

१६ डिसेंबर, शनिवार

परतताना गाडीत भाचीनं सगळं मुद्रण पुन्हा ऐकलं आणि पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत नोंदी भरल्या: वेळ, मिथुन किती, सुट्या किती, प्रत, आकाश किती टक्के झाकलेलं. अशा नोंदी आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८ पासून जगभरातून गोळा करते, हौशी लोकांच्यासुद्धा. वर्षाव कधी भरात आला याचे आलेख त्यातूनच तयार होतात. फक्त "खूप दिसल्या" असं लिहून भागत नाही.

मग पुढचं काय, यावर गाडीतच बैठक. जानेवारीतल्या वर्षावाला चतुर्थ चरणातला अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, आणि त्याचा उगमबिंदूही मध्यरात्रीनंतरच वर येतो. बाद. भाऊजी म्हणाले, पुढच्या डिसेंबरात पुन्हा इथेच. २०२४ ची पौर्णिमा १५ डिसेंबरला आहे हे भाचीनं फोनवर काढून दाखवलं. तेही बाद, अगदी तेजस्वी उल्काच दिसतील. सिंहाची धूमकेतूवारी ३३ वर्षांनी होते, टेम्पल-टटल २०३१ मध्ये परत येतोय, पण तोवर भाची बावीस वर्षांची होईल आणि मावशीबरोबर येईल की नाही सांगता येत नाही.

राहता राहिला १२ ऑगस्ट २०२४, ययातीचा. त्या रात्री शुक्ल पक्षातला अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळेल आणि ययाती तेव्हाच ईशान्येला पुरेसा वर आलेला असेल. संध्याकाळी झोपून घ्यायचं, साडेअकराचा गजर, आणि बारा ते पहाट. भाऊजींनी रजेचा अर्ज त्याच आठवड्यात टाकायचं कबूल केलंय. कॅमेरा कुठल्या दिशेला लावायचा ते मात्र या वेळी भाची ठरवणार आहे.